उरी म्हणजे कोण कोण

कंठांतर यंत्राने अख्खं गाणं सुरळीत मराठीत आणलं आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन घोळ घातला.

तालीम चालू होती. कोल्हापूरच्या बाहेर बांधलेल्या नव्या क्रीडासंकुलाच्या मंचावर एस्थर शिम एकटीच उभी होती. गळ्याला बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी चिकटवलेली. ती गात होती कोरियनमध्ये, पण समोरच्या रिकाम्या मैदानावर तिचाच आवाज मराठीत घुमत होता. अंगणातला दिवा आला, उघडं दार आलं, उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला आल्या. आणि मग तो आवाज म्हणाला, "उरी घरी जाऊ." पुन्हा म्हणाला, "उरी घरी जाऊ."

खुर्च्या मांडणारी माणसं हात थांबवून ऐकत होती. त्यांतले एक मामा ओरडले, "उरी कशाला, सरळ दारातनं जावा की!" सगळे खो खो हसले. एस्थरने गाणं थांबवलं आणि उन्हाला हात आडवा धरून खाली केतकीकडे पाहिलं.

केतकी सरनाईकच्या टेबलावर पिवळा दिवा लुकलुकत होता. घोळ तिला लगेच कळला. कोरियनमध्ये 'उरी' म्हणजे 'आम्ही'. पण मराठीतही उरी आहेच की, आई लेकराला उरी धरते. यंत्राने कोशात पाहिलं, शब्द सापडला, आणि हा तर आधीपासूनच मराठी आहे असं समजून त्याने त्याला हातच लावला नाही. सगळ्या जगाच्या भाषा पोटात घेऊन बसलेलं यंत्र असं मधूनच एखाद्या नवख्या पाहुण्यासारखं फसायचं आणि केतकीला त्याची माया वाटायची.

तिने शब्द कोरियन असल्याची खूण केली. पिवळा दिवा विझला आणि त्या जागी लाल लागला. पिवळा म्हणजे यंत्राला शंका आहे. लाल म्हणजे यंत्राने हात टेकले, आता माणसाने सांगावं. पडद्यावर एकच प्रश्न उमटला होता. ऐकणारा आत की बाहेर?

हे यंत्र मुळात गाण्यासाठी जन्मालाच आलं नव्हतं. घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, अशा रुग्णांसाठी ते बनवलं गेलं. स्वरयंत्र गेलं तरी मेंदू बोलण्याचे हुकूम सोडत राहतो आणि मानेचे, जिभेचे, जबड्याचे स्नायू ते पाळत राहतात. त्या स्नायूंत उठणारे सूक्ष्म विद्युतसंदेश पट्टी टिपायची आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरून शिकलेल्या त्या रुग्णाच्याच आवाजात बोलायची. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आलं की आवाजाचे तीन थर सुटे करता येतात. एक आवाजाचा पोत, ज्यावरून माणूस ओळखू येतो. दुसरा श्वास आणि लय, ज्यात त्याचा राग-लोभ असतो. तिसरा शब्दांचा. पहिले दोन जसेच्या तसे ठेवून फक्त तिसरा बदलला, तर माणूस स्वतःच्याच गळ्याने परक्या भाषेत गाऊ शकतो. गाणं यंत्राला आधीपासून पाठ असतं, त्यामुळे पुढचा शब्द तयारच असतो आणि आवाज मागे पडत नाही.

अडचण यायची ती निराळीच. प्रत्येक भाषा बोलणाऱ्याला काही ना काही विचारतेच, आणि उत्तर दिल्याशिवाय वाक्य पुरं होऊ देत नाही. अरबी विचारते, ज्याला 'तू' म्हणतोस तो बाई की पुरुष? जपानी विचारते, समोरचा मोठा की बरोबरीचा? आणि मराठी विचारते, 'आम्ही' की 'आपण'? आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला, आपण म्हटलं की तो आत आला. इंग्रजीला हा प्रश्न कधी पडला नाही आणि कोरियनलाही पडत नाही. जी गोष्ट मूळ गाण्यातच नाही ती यंत्र कुठून आणणार? म्हणून प्रत्येक मुक्कामी एक भाषासोबती नेमलेला असे. मराठीच्या मुक्कामाला ती केतकी होती.

मुक्काम आता शहरांचे राहिले नव्हते, भाषांचे झाले होते. कंठांतर आल्यापासून मोठे गायक देश मोजत नसत, भाषा मोजत. एस्थरच्या पहिल्याच एकटीच्या जगदौऱ्यात मराठीच्या वाट्याला एक कार्यक्रम आला आणि गाव निवडण्यासाठी मतं मागवली गेली. पुणे आणि मुंबई एकमेकांना टोमणे मारण्यात गुंतले, नाशिकने उशीर केला, आणि कोल्हापूरने तालमीतल्या पैलवानांपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्यांनी एकगठ्ठा मतं टाकून बाजी मारली.

एस्थर पायऱ्या उतरून टेबलापाशी आली. कोरियन आईबापांची ही मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत वाढली, सोळाव्या वर्षी सोलला गेली, तिथे चौघींच्या गटात दहा वर्षं गायली. गट फुटला आणि आता बत्तिसाव्या वर्षी ती एकटी निघाली होती. केतकीने तिला लाल दिव्याचा अर्थ सांगितला. आम्ही आणि आपण.

एस्थरने फार विचार केला नाही. "ऐकणारा बाहेर," ती इंग्रजीत म्हणाली. "हे गाणं आम्हा चौघींचं आहे. जगाला बाहेरच राहू दे."

"नक्की?"

"का, तुला पटलं नाही?"

"माझ्या पटण्याचा प्रश्न नाही," केतकी म्हणाली. पण बोट कळीपाशी नेऊन तिने तसंच मागे घेतलं. "परवापर्यंत राहू दे. शनिवारी कार्यक्रमाआधी पक्कं करू. एकदा उत्तर दिलं की गाणं संपेपर्यंत यंत्र ते बदलू देत नाही."

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते केतकीलाही ठाऊक होतं. गेली सहा वर्षं ती ह्याच दोन शब्दांवर कान लावून जगत होती.

केतकी मूळची ठाण्याची. सहा वर्षांपूर्वी धैर्यशील सरनाईकशी लग्न करून ती कोल्हापुरात आली. धैर्यशीलचा उद्यमनगरात पंपांचा कारखाना, पहिली बायको आजारपणात गेलेली, आणि पदरात आठ वर्षांची जुई. केतकीने पोरीवर आई म्हणायची सक्ती केली नाही. मावशी हे नाव जुईनेच ठरवलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी केतकी चहात आलं किसत असताना ती चिमुरडी दारात येऊन उभी राहिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आम्ही चहात आलं घालत नाही."

त्या दिवसापासून त्या घरात चहात आलं पडलं नाही. पण तो 'आम्ही' केतकीच्या मनातून गेला नाही. आम्ही गौरीला पुरणाचे कडबू करतो. आम्ही रविवारी रंकाळ्यावर जातो. आमच्याकडे असं नसतंय. पोरगी वाईट नव्हती. आजारी पडली की केतकीच्याच कुशीत शिरायची, शाळेतली भांडणं तिलाच सांगायची. फक्त कधी आपण म्हणायची नाही. केतकीने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. एका सर्वनामासाठी रडणारी बाई म्हणून कोण तिचं सांत्वन करणार?

आता तर ते आणखी अवघड झालं होतं, कारण एस्थरने तिला एक गोष्ट विचारून ठेवली होती. दौरा अजून सात महिने चालणार होता. सगळ्या भाषासोबत्यांची प्रमुख म्हणून केतकीने बरोबर यावं. उत्तर शनिवारी, दौरा कोल्हापूर सोडण्याआधी.

त्या संध्याकाळी जेवताना जुईने आधी गायिकेचीच चौकशी केली. "मावशी, खरं सांग, कशी आहे ती? मी नुसतं पोस्टर बघितलो आणि लाजलो." जुई कोल्हापूरची, त्यामुळे मी आलो, मी गेलो असंच बोलायची. केतकी आजही मी आले म्हणायची आणि भाजी मंडईत लगेच परगावची म्हणून ओळखू यायची.

"साधी आहे गं. आल्या आल्या मलाच विचारलं, जेवलीस का?"

"कोरियात तसंच विचारतात," जुई जाणकाराच्या थाटात म्हणाली.

केतकीने वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या शेवटच्या गाण्यात काय बरं वाटेल तुला? आम्ही घरी जाऊ, की आपण घरी जाऊ?"

"आम्ही," जुई घास न थांबवता म्हणाली. "घर काय सगळ्या गावाचं असतंय होय? ज्याचं असतंय त्याचंच असतंय."

केतकीने भाकरीचा तुकडा मोडला आणि दौऱ्याचं सांगून टाकलं. धैर्यशीलने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तू ठरव. एवढी मोठी संधी आहे. आमची काय ना नाही."

"आम्ही राहतो की," जुई म्हणाली. "आधी पण राहायचोच दोघं."

दोघांनीही चांगल्या मनाने सांगितलं होतं, हे केतकीला कळत होतं. तरी तिने हातातला तुकडा ताटात परत ठेवला. 'नको जाऊस' एवढं कुणी म्हणालं असतं तर ती आनंदाने गेली असती. आता जायला सगळं मोकळं होतं आणि पाय जड झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या गच्चीवर एस्थरने तिला गाठलंच. "काल तू बोट मागे का घेतलंस?"

"कारण मला 'आपण' हवं होतं," केतकी म्हणाली. "आणि ते गाण्यासाठी नव्हे, माझ्यासाठी हवं होतं. अशा माणसाने सल्ला देऊ नये."

मग कसं कोण जाणे, तिने सगळं सांगितलं. आल्याचा चहा, कडबू, रंकाळा. इंग्रजीत सांगताना तिला पुन्हा पुन्हा अडायला होत होतं, कारण इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द येत होता आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते दिसतच नव्हतं. शेवटी तिने टेबलावर साखरदाणी ठेवली, तिच्या कडेने दोन कप मांडले आणि तिसरा लांब सरकवला. "हा आम्ही. आणि मी इथे, ऐकणारी."

एस्थरने तो तिसरा कप उचलून हातात घेतला.

"माझी आई शाळेची बस चालवायची," ती म्हणाली. "घरी आली की कोरियाबद्दल बोलायची. आमच्यात देशाला 'उरी नारा' म्हणतात. आमचा देश. उरी नारात असं असतं, उरी नारात तसं असतं. मी समोर बसून ऐकायची. मी तर त्या देशात जन्मलेच नव्हते. मी त्या उरीत आहे का, हे मला कधी कळलं नाही. शाळेत मला कोरियन म्हणायचे. सोलला गेले तर तिथे मी अमेरिकन पोरगी. गटातल्या तिघी मुलाखतीत उरी नारा म्हणायच्या आणि मी बाजूला हसत बसायची. हे गाणं मी त्या एका शब्दावर लिहिलं, पण त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. माझ्या भाषेने मला तो कधी विचारलाच नाही. तुझ्या भाषेने काल तोंडावर विचारला, म्हणून मी चिडून सगळ्यांना बाहेर काढलं."

"मग आईला विचार की."

"आता? बत्तिसाव्या वर्षी?"

"मी सहा वर्षांत विचारलं नाही," केतकी म्हणाली. "त्याने काही बरं झालेलं नाही."

शनिवारी सकाळी जुईने केतकीच्या हातात चहाचा कप दिला तेव्हा केतकीच्या कानाला फोन होता. हॉटेलवर लगेच ये, असं एस्थर सांगत होती. केतकीने दोन घोटांत चहा संपवला, "छान झालाय गं," असं न चव घेताच म्हणाली आणि चपला घालून निघाली. जुई दारात उभी राहून काहीतरी म्हणणार होती, ते राहूनच गेलं.

एस्थरने न्यू जर्सीला फोन लावला तेव्हा तिकडे शुक्रवारची रात्र होती. पडद्यावर एक गोल चेहऱ्याची, आखूड केसांची बाई आली. तिने काहीही ऐकून न घेता आधी विचारलं, "जेवलीस का?" एवढं केतकीला यंत्राच्या मदतीशिवाय कळलं. पुढचं तिने कानात घातलेल्या यंत्राच्या बोंडातून मराठीत ऐकलं.

एस्थरने प्रश्न विचारला. बाई क्षणभर लेकीला ताप वगैरे आहे का अशा नजरेने बघत राहिली.

"तीस वर्षं तू हे पोटात ठेवलंस?"

"सांग ना, आई."

"मी उरी नारा कुणाशी बोलताना म्हणायची? बसमधल्या पोरांच्या आयांशी? त्यांच्याशी मी कोरिया म्हणायची. दुकानात कोरिया म्हणायची. उरी नारा फक्त तुझ्याशी म्हणायची. तू त्यात नसतीस तर तुझ्यापाशी कशाला म्हटलं असतं? मला वाटलं तुला कळतंय." मग तिचा आवाज चढला, कारण तिला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. "आणि त्या पाठीमागच्या मुलीला काही खायला दिलंस की नाही?"

फोन बंद झाल्यावर एस्थर खूप वेळ हसत आणि डोळे पुसत बसली. मग तिने पदर नसलेल्या बाया बाहीला नाक पुसतात तसं पुसलं आणि म्हणाली, "शेवटची ओळ दोनदा येते. पहिल्यांदा आम्ही. दुसऱ्यांदा आपण."

"यंत्र ऐकणार नाही. एका गाण्यात एकच उत्तर."

"मग दुसऱ्यांदा यंत्र नको. मला म्हणायला शिकव."

केतकी चपापली. आजवरच्या मुक्कामांत एस्थर एकोणीस भाषांत गायली होती आणि त्यांतली एकही तिच्या जिभेवर आली नव्हती. सगळ्या तिच्या गळ्याजवळून निघून गेल्या होत्या. कंठांतर आल्यापासून शब्द शिकायची गरजच कुणाला उरली नव्हती, आणि गरज नसताना कोण शिकतो?

आपण घरी जाऊ. तीन शब्द. 'घ' जमला, 'जाऊ' जमलं, पण 'ण' काही केल्या येईना. जीभ वर वळवून टाळूला लावायची, असं केतकीने तोंड उघडून दाखवलं. एस्थरची जीभ वळायची, टाळूपर्यंत जायची आणि ऐनवेळी खाली घसरायची. आपन. आपन. दुपारपर्यंत दोघी दमल्या. "राहू दे," केतकी शेवटी म्हणाली. "लोक समजून घेतील."

कार्यक्रम दुपार कलता सुरू झाला. मैदान खच्चून भरलं होतं. फेटे बांधून आलेल्या पोरी होत्या, कडेवर नातवंडं घेतलेल्या आज्या होत्या, आणि ज्यांनी एकगठ्ठा मतं टाकली होती ते पैलवान पुढच्या दोन रांगा अडवून बसले होते. एस्थर मराठीत गात होती आणि तिचे श्वास, तिचं अडखळणं, तिचं हसू सगळं तिचंच होतं. "मी आले," असं ती एका गाण्यात म्हणाली तेव्हा पोरींनी खालून "आलो! आलो!" असा गलका करून तिला कोल्हापुरी करायचा प्रयत्न केला.

केतकीने लाल दिव्याला उत्तर दिलं होतं. ऐकणारा बाहेर. तिचं लक्ष मात्र तिसऱ्या रांगेत होतं, जिथे जुई बाबाच्या शेजारी खुर्चीवर उभी राहून गात होती.

शेवटचं गाणं आलं. ऊन पिवळं झालं होतं. दिवा, दार, उंबऱ्याबाहेरच्या चपला. "आम्ही घरी जाऊ," आवाज घुमला, आणि मैदान ऐकत राहिलं. ओळ सुंदर होती, पण त्यांची नव्हती. कुणी ती उचलली नाही. लोक दुसऱ्याच्या घराकडे बघावं तसे बघत होते, कौतुकाने आणि जरा लांबून.

मग एस्थरने गळ्याची पट्टी ओढून काढली.

आवाज एकदम लहान झाला. यंत्राने भरून टाकलेलं मैदान रिकामं वाटू लागलं आणि ध्वनिक्षेपकातून एका दमलेल्या बाईचा नुसता श्वास ऐकू आला. वाद्यं थांबली. यंत्र बिघडलं असं समजून पैलवान उठून उभे राहिले. एस्थरने डोळे मिटले आणि जीभ वर वळवायचा शेवटचा प्रयत्न केला.

"आपन घरी जाऊ."

मग पुढच्या रांगेतला एक दांडगा गडी शेजाऱ्याला हलवून ओरडला, "आरं, आपन म्हनली! आमच्या आज्जीगत म्हनली बघ!" आणि सगळं मैदान उसळलं. यंत्राने शुद्ध, निर्दोष मराठी ऐकवली होती, पण ही चूक त्यांच्या घरातली होती. "आपन घरी जाऊ," पैलवान म्हणाले. "आपन घरी जाऊ," आज्या म्हणाल्या. एस्थरने डोळे उघडले तेव्हा तिला काही करायचं उरलंच नव्हतं, गाणं लोकांनी घेतलं होतं. ती मंचावर उभी राहून रडत होती आणि ऐकत होती.

जुईही गात होती. घर काय सगळ्यांचं असतंय होय, असं विचारणारी जुई तोंड भरून आपन म्हणत होती. केतकीने तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःला बजावलं, गाणं आहे हे, बाई. गाण्यात सगळेच म्हणतात.

दिवे लागायच्या वेळेला ती जुईला मंचामागच्या खोलीत घेऊन गेली. धैर्यशील गाडी आणायला गेला होता. एस्थरच्या गळ्यावर पट्टीचा तांबूस वळ उठला होता. यंत्र बंद होतं, त्यामुळे दोघींमध्ये केतकीच दुवा. जुई आधी नुसती उभीच राहिली. कुणीतरी सगळ्यांना चहा आणून दिला. जुईने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि त्या निमित्ताने तिची वाचा फुटली.

"ह्यात आलं नाही," ती एस्थरला म्हणाली. "आम्ही चहात आलं घालतो."

केतकीने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"आम्ही?" एस्थरने तो शब्द बरोबर पकडला. दोन दिवस तिने दुसरं केलं काय होतं? "आम्ही. विचार तिला, कोण कोण?"

केतकीने विचारलं.

जुईला प्रश्नच कळला नाही. "कोण कोण म्हणजे? आम्ही. बाबा, मी आणि ही." तिने कपानेच केतकीकडे खूण केली. "ही आमची मावशी. हिला आलं लई आवडतंय, पण लहानपणी मी कायतरी बोललो म्हणून सहा वर्षं घातलंच नाही हिने. बाबाने परवा सांगितलं मला. आज सकाळी मी मुद्दाम घालून दिलो, तर हिने फोनवर बोलत बोलत पिऊन टाकला! सांग तिला, कळलंच नाही हिला!"

केतकीने खुर्ची ओढली आणि ती बसली. इतकं साधं होतं ते. 'आम्ही' ऐकणाऱ्यालाच तेवढं बाहेर ठेवतो. सहा वर्षं जुई तिच्याशी बोलत होती, म्हणून तिच्या वाट्याला तो शब्द बाहेरूनच आला होता. शाळेत, मैत्रिणींत, बसथांब्यावर जुई जेव्हा जेव्हा आम्ही म्हणाली असेल, तेव्हा केतकी त्यात असेल. ते ऐकायला ती तिथे कधीच नव्हती. भाषासोबती म्हणून पगार घेणाऱ्या बाईला हे समजू नये, ह्याचं तिला हसूही आलं आणि रडूही.

"काय म्हणाली ती?" एस्थरने विचारलं.

"सांगते," केतकी म्हणाली. "थोडं थांब. इंग्रजीत ते एका शब्दात होत नाही."

तिने सांगितलं. एस्थरने जुईला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून केतकीला विचारलं, "आणि तुझं काय ठरलं? येणार दौऱ्यावर?"

जुईला दौरा एवढा शब्द कळला. "जा की तू, मावशी," ती म्हणाली. "आम्ही दोघं सुट्टीत येतो तुला भेटायला. पण आधी घरी बोलू या सगळे, बाबा गाडीत वाट बघत असंल."

आम्ही दोघं. तोच शब्द, पुन्हा तिला बाहेर ठेवणारा. केतकीने तो ऐकला आणि तो कुठे लागला नाही. तिने डोळे पुसले, उठून जुईच्या हातातला बिनआल्याचा चहा घेऊन टेबलावर ठेवला आणि एस्थरला मराठीतच उत्तर दिलं.

"आम्ही ठरवून सांगतो."

एस्थर मान तिरकी करून तो शब्द तपासत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "आम्ही," ती बोट स्वतःकडे नेत म्हणाली. "म्हणजे मी बाहेर?"

"हो," केतकी हसली. "या वेळी तू बाहेर."

बाहेर लोक गाड्यांकडे चालत निघाले होते, आणि चालता चालता तीच ओळ चुकीच्या 'न'ने म्हणत होते. जुईने केतकीचा हात धरला आणि दोघी त्या गर्दीतून गाडीकडे निघाल्या.